अपडेटला नाही म्हणायचं

दोन हजार चोवीस साली, ज्येष्ठात, शाळा उघडायच्या आणि सरकी लावायच्या दिवसांत माझ्या सुनेच्या केंद्रातला कॉम्प्युटर अडला. तो किस्सा शेवटी सांगतो. आधी बाकीचे ऐका. हे किस्से घरामागं कापसाच्या पऱ्हाटीचा गंज लागावा तसे साचतात. एक काडी ओढली की चार निघतात.

केंद्र वडनेर भोलजीत, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आहे. उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, निराधारांच्या पैशाचा अंगठा, सगळं तिथं होतं. ते चालवायची आयडी सून वर्षाच्या नावावर आहे. माझ्या घरात बाईच्या नावावर झालेली ती पहिली वस्तू. अर्ज तटून राहिले आणि तक्रार गेली, तर आयडी बंद होते. म्हणून ती कॉम्प्युटरपुढे बसली की घरात कोणी मोठ्यानं खोकत नाही.

मी चौथी शिकलो. प्लगिन म्हणजे काय, ते तिनं मला एकदाच सांगितलं. "मामाजी, ब्राउझर म्हणजे बैल. प्लगिन म्हणजे त्याच्या मानेवरचं जू. बैल वाढला की जुनं जू बसत नाही."

मला समजलं. अडचण एवढीच की आमच्याकडे बैल तीन. एक निळा, एक कोल्ह्याच्या चित्राचा, एक रंगीत चकतीचा. अंगठा चकतीवर लागतो, सही कोल्ह्यावर होते, जुने कागद निळ्यावर उघडतात. तिघं वेगवेगळ्या दिवशी वाढतात. एकाचं जू नीट करावं, तर दुसरा मान काढून घेतो.

*

पहिला घोटाळा प्रल्हादनं केला. तो बसस्टँडवर भज्यांची गाडी लावतो. दाखला न्यायला आला होता. वर्षा दूध उतरवायला आत गेली, तेवढ्यात पडद्यावर चौकट आली: अपडेट करायचं का? प्रल्हादनं माउस धरून 'हो' दाबलं. चकती वाढली, प्लगिन मागं राहिलं. बाहेर ओट्यावर म्हाताऱ्या बाया बसल्या होत्या, त्यांचे अंगठे दुपारपर्यंत लागेनात.

"काऊन दाबलं बे?" मी विचारलं.

"काका, सरकार विचारून राह्यलं. त्याले तोंडावर नाही कसं म्हनाव?"

*

त्या दिवशी वर्षानं घरात सांगून टाकलं, "कॉम्प्युटरनं काहीही विचारलं तरी नाही म्हनायचं."

पुढच्याच आठवड्यात ती विम्याचा मोठा अर्ज भरून उठली आणि आतून म्हणाली, "मामाजी, तेवढी खिडकी बंद करा." मी बंद करायला गेलो. कॉम्प्युटरनं विचारलं, भरलेलं ठेवायचं का? मी नाही म्हटलं.

ती बाहेर आली, पडदा पाहिला आणि खुर्चीत बसली. "सकाळपासूनचं काम गेलं, मामाजी."

"तू सांगितलं तसं केलं."

संध्याकाळी तिनं नियम बदलला. काही विचारलं तर तिला हाक मारायची. नियम तिचा होता, तिनं बदलला.

*

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. विळा, कुऱ्हाड, वखराची पास. माझी बायको शांता हिनं एका वर्षी केंद्रातली यंत्रंही पुजली. दसरा झाला, केंद्र उघडलं, आणि एकाचाही अंगठा लागेना. वर्षानं प्लगिन काढून पुन्हा टाकलं. निळ्यावर पाहिलं, चकतीवर पाहिलं. ओट्यावरची माणसं कुजबुजू लागली, की आता हे केंद्र काही राहत नाही.

शेवटी मलकापूरहून मेकॅनिक बोलावला. त्यानं तिन्ही ब्राउझर उघडून पाहिले आणि मान हलवली. "काकू, या तिघाइचं एकमेकांशी पटत नाही."

"आमचं चौघाइचं पटत नाही," शांता म्हणाली. "घर चालूनच राह्यलं ना."

तो आणखी बराच वेळ अपडेट करत बसला. मग घाम पुसायला रुमाल काढला, आणि सहज अंगठ्याच्या यंत्राची काच पुसली. रुमाल लाल झाला.

सगळे शांताकडे पाहू लागले.

"त्याच्यावरच तर सारं चालते म्हनता," ती म्हणाली. "मंग त्यालेच कुंकू नाही लावाव?"

*

आता ज्येष्ठातला.

कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस होते. गावातल्या पोरापोरींचे दाखल्याचे अर्ज वर्षाकडे भरून पडले होते. प्रत्येकावर तिची डिजिटल सही लागते, आणि ती कोल्ह्यावरच होते. मुदत दुसऱ्या दिवसापर्यंत. सकाळी कॉम्प्युटर लावला, तर कोल्हा कोणाला न विचारता आपला आपण वाढला होता. सहीचं प्लगिन बसेना. नवं प्लगिन अजून निघालंच नव्हतं. मेकॅनिक फोनवर म्हणाला, "जुना कोल्हा असलेलं मशीन शोधा."

जुना कोल्हा गावात एकाच ठिकाणी होता. रस्त्यापलीकडे, नामदेवच्या केंद्रात. ते त्याची मुलगी चालवते, पण हुकूम नामदेवचा. "चालत्या बैलाले पराणी टोचायची नाही," असं म्हणून त्यानं आजवर तिला एकही अपडेट करू दिलं नव्हतं.

नामदेवचं आणि माझं वावर शेजारी आहे. मधल्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, वादावरून आमचं बोलणं बंद होतं. वर्षाचं लग्न व्हायच्या आधीपासून.

वर्षा मला जा म्हणाली नाही. सहीचा पेनड्राइव्ह मुठीत धरून ती उंबऱ्यात उभी राहिली. ओट्यावर पोरींचे बाप बसले होते. त्यातला एक म्हणाला, "तक्रार करा लागन आता."

मी टोपी घातली आणि रस्ता ओलांडला.

नामदेव दारात बसून होता. मी म्हटलं, "सुनेले तुहं मशीन पाह्यजे. आजच्या दिवस."

"उसनं देत नाही," तो म्हणाला. "सावडीनं देतो. एक दिवस तुह्या घरचं काम, एक दिवस माह्या. अन् मानूस तूच याचा. पोराले धाडशीन तर चालनार नाही."

"मीच येतो."

वर्षा दिवसभर त्याच्या केंद्रात बसली. दिवेलागणीला परत आली. सगळ्या सह्या झाल्या होत्या. आयडी राहिली.

पाऊस पडून वाफसा झाला तेव्हा नामदेवचा निरोप आला: उद्या सरकी लावायची आहे. मी भाकर बांधून गेलो. मजूर बाया पलीकडच्या टोकाला लावल्या होत्या. धुऱ्यालगतच्या ओळी त्यानं माझ्यासाठी ठेवल्या होत्या.

मी सरकीची ओटी बांधली आणि वाकलो. ओळीच्या दुसऱ्या टोकाकडून तोही वाकला. बाजूचा धुरा सरळ होता की वाकडा, ते मी पाहिलं नाही. दुपारी तो आपल्या झाडाखाली जेवला, मी माझ्या. पुन्हा वाकलो. सूर्य टेकला तेव्हा शेवटची ओळ संपली.

मी ओटी झटकली. "सावड फिटली?"

"फिटली," नामदेव म्हणाला.