छातीला विचारा

"पायाला काय इचारतायसा? छातीला इचारा की!"

आप्पा हे पुटपुटले, डॉक्टरांना ऐकू जाईल न जाईल असं. टेबलावर ससा होता. डॉक्टर चिमट्याने त्याचा पाय दाबत होते आणि पाय हलत नव्हता. नोंदी ठेवणं माझं काम; मी वहीत इंग्रजीत लिहिलं: प्रतिसाद नाही.

बेळगावच्या त्या प्रयोगशाळेत आप्पा जनावरं सांभाळत. मूळचे जवळच्याच शहापूरचे विणकर. माग बंद पडला तेव्हा इकडे आले. अक्कल बोटांत असलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पिंजरा उघडताना ते सशाला विचारत, "काय पावणं, जेवलासा?" मग माझ्याकडे वळून, "बोलंना. जावई असणार."

टेबलावर मात्र थट्टा नाही. दोन बोटं सशाच्या पुढच्या पायामागे, बरगड्यांवर. "सूत किती ताणलंय ते बोटालाच कळतंय, आक्का. ठिवून बघा." मी ठेवत असे. मला तिथे सगळ्यांची भीती वाटे, त्यांची तेवढी नाही.

त्या वर्षी स्नायू सैल करणारं औषध विलायतेहून आलं. ते आधी टोचलं की ससा लुळा पडे, श्वासही थांबे, म्हणून आप्पा नळीतून भात्याने हवा देत. मग झोपेचं इंजेक्शन. जनावर हलत नाही म्हणून डॉक्टरांनी झोपेचं औषध निम्म्यावर आणलं. एवढ्यावर भागतं, असा निबंध ते लिहीत होते.

पण सुरी लागली की बोटांखाली काळीज धावत सुटे. एकदा सशाच्या डोळ्यातून पाणी ओघळलं.

"सायेब, ह्यो जागा हाय. हलता येईना म्हणून गप्प हाय."

डॉक्टरांनी पाय दाबला. "हलला? मग?"

भाता न थांबवता आप्पा माझ्याकडे वळले. "आक्का, तुमीबी बोट ठिवलं व्हतं न्हवं? सांगा की."

मी टाक दौतीत बुडवला.

दुसऱ्या दिवशी सुई टोचायच्या आधीच आप्पांनी भाता बाजूला ठेवला. "आदी पुरतं झोपवा, मग मारतो भाता." दुपारी त्यांना काढून टाकलं. जाताना ते प्रत्येक पिंजऱ्यापाशी थांबले, माझ्यापाशीही. रागावले नाहीत. "वही नीट लिवा, आक्का," एवढंच म्हणाले. शहापुरात मी नंतर दोनदा चौकशी केली; ते निपाणीकडे तंबाखूच्या कामाला गेले होते.

सोमवारी भात्यावर नवा माणूस होता. औषधं टोचून झाली, पाय हलला नाही, डॉक्टरांनी सुरी उचलली. मी टाक खाली ठेवला आणि दोन बोटं सशाच्या बरगड्यांवर टेकवली.

"थांबा डॉक्टर," मी म्हणाले. "पायाला विचारू नका. छातीला विचारा."