भरल्या नळ्यांचा पूल

जगातल्या कोणत्याही लोखंडी नळीवर माझ्या साडूंचा विश्वास नव्हता. ती आतून भरीव आहे की पोकळ, हे वाजवून ऐकल्याशिवाय ते तिच्याजवळ बसतही नसत. बांधकाम खात्यात इंजिनिअर, राहायला नांदेडला, आणि खिशात पेनाऐवजी छोटी हातोडी. लग्नात अक्षता पडायच्या आधी ते मांडवाचे खांब ठोकून यायचे. सासरे लातूरला दवाखान्यात होते तेव्हा यांनी सलाइनचा स्टँड वाजवला आणि नर्सबाईंनी त्यांना वॉर्डाबाहेर काढलं. पुतण्यासाठी मुलगी पाहायला रेणापूरला गेलो, तर फाटकाचा खांब वाजवून म्हणाले, "वरून लई भारी, आतून पोकळ." मुलीच्या वडिलांना तो शेरा घराण्यावर वाटला. चहासुद्धा आला नाही.

या वेडाला कारण होतं. किनवटकडच्या जंगलात एका ओढ्यावर पूल व्हायचा होता आणि तिथवर क्रेन जाण्यासारखा रस्ता नव्हता. साडूंचं म्हणणं, पोलादाच्या पोकळ नळ्या न्या, हलक्या असतात, माणसं खांद्यावर नेतील. जागेवर जोडून कमान उभी करा आणि मग आत काँक्रीट भरा. हे ते जेवताना मला शेवग्याच्या शेंगेवर समजावत आणि ताटातलं वरण निवून जाई. खात्यात सगळे हसले, पण मागे लागून लागून त्यांनी पूल मंजूर करून घेतला. भीती एकच होती. आत कुठे पोकळी राहिली तर ती बाहेरून दिसत नाही, आवाजावरून ओळखावी लागते.

नळ्या भरून काँक्रीट पक्कं झालं, तेव्हा शाळेतून सुट्टी काढून मीही सोबत गेलो. साडू कमान ठोकत ठोकत मधोमध थांबले. इथं पोकळ आहे, म्हणाले. ठेकेदारानं वाजवून पाहिलं, मी पाहिलं. सगळीकडे सारखाच बद्द आवाज. ते हटेनात, म्हणून तिथं भोक पाडलं. आत काँक्रीट गच्च भरलेलं होतं. कुणी हसलं नाही, तेच त्यांना जास्त लागलं. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "गुरुजी, मला तर अजून घुमून राहिलंय." हातोडी कधीच थांबली होती.

कानांच्या नसा गेल्यात, असं डॉक्टरांनी सांगितलं. उद्घाटनाला ते पोट दुखतंय म्हणून गेले नाहीत. पुढे निवृत्तीआधीच नोकरी सोडली आणि हळूहळू माणसांचं बोलणंही ऐकू येईनासं झालं.

यंदा दिवाळीनंतर मीच हट्टानं त्यांना पुलावर नेलं. तापलेल्या कमानीवर तळहात ठेवून ते वाटेतच उभे राहिले. मागून गवताचा भारा घेतलेली एक बाई आली. "बाबा, बाजूला सरका की, मान मोडून राहिली," म्हणाली. मी त्यांना दंडाला धरून कठड्याकडे घेतलं. ती पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणली?"

मी कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं, "पूल चांगला झाला म्हणली."

त्यांनी त्या लांब जाणाऱ्या भाऱ्याकडे पाहिलं.

"हाव," म्हणाले. "तिला सांगाय पाहिजे होतं, याच्याहून जड आणलं तरी चालतंय."