जैनीबाईची दिवसाची गोष्ट

जैनीबाई मडावीला गोष्टी किती येत होत्या, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. साऱ्या आजीकडून आलेल्या, साऱ्या गोंडीतल्या. दिवेलागणीला कोसमटोल्याचं अख्खं गाव तिच्या अंगणात जमायचं. पण दिवसाउजेडी? नाव काढायचं नाही! दिवसा गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो, हे तिकडचं शेंबडं पोरही जाणतं.

तिनं एकदाच नेम मोडला होता. लेक चंदा काही केल्या जेवेना, तेव्हा भर दुपारी अर्धी गोष्ट सांगून तिला भरवलं. त्याच दुपारी चंदाचा मामा, म्हणजे जैनीबाईचा पाठचा भाऊ लालसू, सागाच्या कटाईला निघाला. तो परत आलाच नाही. या गोष्टीला वीस वर्षं झाली. गावातलं कुणी म्हणे वाघानं नेला, कुणी म्हणे दूर मजुरीला गेला. कुणामुळे गेला, ते जैनीबाईला ठाऊक होतं ना!

सत्तावनच्या उन्हाळ्यात मात्र आक्रीत झालं. सांगता सांगता ती अडली. डोंगरासाठी नवरी शोधायला निघालेली हरिणी नदीपाशी येते, अन् पुढे? पुढचं आठवेचना. लोक हसले, तीही हसली, पण रात्रभर ती तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घोळवत बसली. आजी गेली तेव्हा मागे जैनी होती. जैनीमागे कोण? चंदा ब्रह्मपुरीकडे दिलेली, तिच्या पोरांना गोंडीचा एक शब्द कळत नव्हता.

सकाळी ती शाळेत गेली. गुणवंतराव मास्तर तीन वर्षांत गोंडी शिकलेला, भला माणूस. जैनीबाई त्याला सरळ अरे-तुरे करायची. तिनं कलेक्टरलाही केलं असतं.

"गुर्जी, माह्या गोष्टी लिहून घे. सारं विसरून राह्यली मी."

मास्तर हरखला, अन् लगेच त्याचा चेहरा उतरला. "बाई, मले रातांधळेपणा हाय. दिवस बुडला का काई दिसत नाई. अन् परवा मी चाललो सावली गावाले, बदली झाली. उद्या दिवसाच बसू."

"दिवसा?" ती तरातरा निघाली. फाटकापाशी थांबली, परत आली. "तुले मामा हाय का?"

"नाई. मायले भाऊच नव्हता."

"खोटं बोलशील तं पाय!"

"मायची आन, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आपल्या अंगणात ती सांगत होती अन् मास्तर लिहीत होता. त्याचा हात चालायचा हळू, म्हणून तिला प्रत्येक वाक्याला थांबावं लागे. जीव वैतागला तिचा. पण त्या थांबण्यातच नदी सापडली. नदी हरिणीला विचारते, "तुला परत पोचवायला कोण येईल?"

"हेच! हेच तं अडलं होतं!" जैनीबाईनं मांडीवर थाप मारली. मग दोघांनाही वेळेचं भान उरलं नाही.

वही भरली अन् दिवस बुडाला. मास्तर उठला, चार पावलं गेला अन् थेट कुंपणावर आदळला. "बाई, वाट कुठी हाय?"

मामा नव्हता, तर गोष्टीनं मास्तरलाच धरलं! जैनीबाईनं झटकन त्याचा हात पकडला. "चाल. मी हाय संगं."

मास्तरची खोली शाळेमागे, गावाच्या पार त्या टोकाला. अर्ध्या वाटेत ती आपणहून बोलली. "लालसू म्हणत होता, 'बाई, नाल्यापावतर चाल माह्यासंगं.' मी म्हटलं, 'चंदाले भरवून राह्यली, जा तू.' नाई गेली मी." अन् ती रडली, अगदी हुंदके देऊन. मास्तरनं हात तेवढा घट्ट धरून ठेवला.

दारापाशी त्यानं चौकट चाचपली. "पोचलो, बाई."

जैनीबाई पायरीवर मटकन बसली. वीस वर्षं ती लालसूकडून हाच एक शब्द ऐकायला थांबली होती.

"अजून एकदा म्हण, गुर्जी."

"पोचलो, बाई. नीट पोचलो."