राजाची कॉलर आणि भावजींची मान

चादर आज अर्धीच पिळून झाली होती. एक टोक माझ्या हातात, दुसरं धाकट्या जावेच्या. तेवढ्यात आतून भावजी ओरडले, "वहिनी, अडकलो!"

माझे हे धाकटे दीर एका नाटक मंडळीत कपडे शिवतात. जुन्या काळच्या परदेशी राजांच्या गळ्यात असायची ना, ताटाएवढी, गोल, चुण्याचुण्यांची पांढरी कॉलर, तिच्यात त्यांचा हातखंडा. रीत मात्र स्वतःची. खळ दिलेली कॉलर ते दोरीवर नाही, स्वतःच्या गळ्यात वाळवतात. म्हणे, "मला टोचली नाही तर राजाला टोचणार नाही." आज नाडी लावायची राहिली, म्हणून मागून बायकोकडून टाके घालून घेतले. खळ वाळली नि टाके चुण्यांत गडप. पांढऱ्यावर पांढरा दोरा, दिसतोय कुणाला!

जाऊ कात्री घेऊन आली. "कापू का?"

"मान काप, कॉलर नको!"

दुपारच्या तालमीला कॉलर हवीच होती. आजही नाही आली तर कपडे भाड्याने आणीन आणि तुम्हाला घरी बसवीन, असा दिग्दर्शकांनी दम भरला होता.

भावजींचा घास काही तोंडापर्यंत पोचेना. शेवटी जावेने उलथन्यावरून भरवलं. मी देवापुढे हात जोडले, "बाबा रे, याची मान सोडव, नोकरी राख."

मग तशीच निघाली वरात. त्यांना पायाखालचं दिसेना, म्हणून एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला जाऊ. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणतो कसा, "काय हो, दाढीला टॉवेल घरूनच बांधून आणलात?" भावजींना वळता येईना. समोरच्या खांबालाच म्हणाले, "गप रे!"

ते ताठ मानेने तालमीत शिरले मात्र, दिग्दर्शक राजा झालेल्या नटावर खेकसले, "बघ, असा चालतो राजा! तू तर हरवलेली चप्पल शोधल्यासारखा चालतोस." मग काय, तालीमभर पुढे भावजी, मागे राजा. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी दिग्दर्शकांनीच चष्मा चढवून ब्लेडने टाके उसवले. कॉलरची एक चुणी मोडली नाही. भावजींच्या मानेला मात्र लाल कडं.

नोकरी राहिली, देवाची कृपा. पण दिग्दर्शकांनी अट घातलीय, यापुढे आधी कॉलरला हुक, मग कॉलर गळ्यात.

उद्या सकाळी भावजी बाजारात हुक आणायला जाणार आहेत.