दगड बोटीने आलाय

फोन आला तेव्हा मी डोंबिवलीच्या आमच्या भांड्यांच्या दुकानात एका बाईंना तांब्याची कळशी दाखवत होते. "ताई गेली," कळव्याहून माझा नवरा म्हणाला, "झोपेतच." मी कळशी बांधून दिली, शटर ओढलं आणि निघाले.

उषावन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही. सगळी नोकरी सरकारी खात्यात भूवैज्ञानिक म्हणून झाली. रानात तंबू ठोकून राहायचं आणि जमिनीखाली तांब्याचं खनिज कुठे आहे ते शोधायचं. निवृत्तीनंतर कळव्याला स्थिरावल्या आणि दुपारी माझ्या दुकानात येऊन बसू लागल्या. धंद्याला ते फारसं मानवणारं नव्हतं. कुणी "स्टीलचा तांब्या द्या" म्हटलं की या सुरू. "स्टीलचा आहे, तर तांब्या कसा हो?" गिऱ्हाईक हसायचं. पण खोक्यावरचं 'अस्सल भारतीय तांबे' कुणी कौतुकाने वाचलं की वन्सं चष्मा सारखा करून म्हणायच्या, "घडवलंय इथे, बाई. दगड बोटीने आलाय."

"वन्सं, दुकान बुडवाल माझं!"

"तुझं एकटीचं कशाला बुडेल, मीना? बोट अडली की सगळ्यांचंच बुडेल."

मला तो म्हातारपणाचा तिरसटपणा वाटायचा. मग एकदा खरंच माल यायचा थांबला. एमआयडीसीतला आमचा पुरवठादार हात वर करून मोकळा झाला. कुठल्याशा परदेशातली खाण बंद पडली होती आणि इथे डोंबिवलीत त्याची मशीनं झाकून ठेवली होती. "आपल्याकडे नाहीच का हो खनिज?" मी वन्संना विचारलं आणि त्या जवळजवळ ओरडल्याच. "शेजारणीकडून विरजण आणण्यात कमीपणा नाही गं. पण गोठ्यात म्हैस असून ती दुभती की भाकड हे बघायचंच नाही, याला काय म्हणायचं? खाण काढायची की नाही ते तिथल्या माणसांना विचारून ठरवा. जंगल मोलाचं वाटलं तर नका काढू. पण खाली काय आहे, ते शोधायचंसुद्धा नाही?"

त्यांच्या शेवटच्या कामावर, खनिज लागत असतानाच, ड्रिल थांबवण्यात आलं होतं. कारण काय, तर बाहेरून स्वस्त मिळतं. ते भोक एकदा आणखी खोल न्यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. निवृत्तीनंतरही त्या खात्यात खेटे घालत राहिल्या. दर नवा साहेब चहा पाजायचा आणि म्हणायचा, "बघू." त्या "बघू"तच त्या गेल्या.

ठाण्याला शोकसभा झाली. ज्यांच्या सहीने ड्रिल थांबलं, ते निवृत्त साहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, "उषाताईंसारख्यांमुळे आज देश तांब्याच्या बाबतीत स्वतःच्या पायावर उभा आहे." लोकांनी माना डोलावल्या... मला राहवलं नाही.

"कुणाच्या पायावर, साहेब? कच्चा माल बहुतेक बाहेरून येतो. त्या शोधत होत्या, तुम्ही थांबवलंत."

नवऱ्याने माझा पदर ओढला. "मीना, बस खाली."

"बसते. साहेबांचं उत्तर येऊ दे."

"वहिनी, त्या वेळची धोरणं वेगळी होती..."

"आणि आताची?"

तेवढ्यात चहा आला. साहेबांनी कप उचलला.

गेल्या आठवड्यात वन्संची खोली आवरायला घेतली. पलंगाखाली लाकडी खोकी निघाली. त्यांत जमिनीत ड्रिल करून काढलेल्या दगडाच्या गोल, लांबट कांड्या ओळीने ठेवलेल्या. कार्यालय हलवताना त्या कचऱ्यात टाकल्या होत्या आणि वन्संनी टेम्पो करून घरी आणल्या, हे मला आता नवऱ्याकडून कळलं. प्रत्येकीवर ती किती खोलवरची त्याचा आकडा पांढऱ्या रंगाने घातलेला. नवरा कंबरेवर हात ठेवून उभा होता. "भंगारवालासुद्धा नेणार नाही हे."

सगळ्यात खोलवरची कांडी मी मोरीत नेऊन घासली आणि खिडकीच्या उजेडात धरली. ड्रिल थांबवलं, तिथली ती. करड्या दगडात तांब्याच्या खनिजाचे पितळेसारखे पिवळे ठिपके चमकत होते, पार तुटल्या टोकापर्यंत.

"म्हणजे खाली अजून आहे?" नवऱ्याने विचारलं.

मला काय ठाऊक! त्यासाठी पुढे भोक पाडावं लागतं.