मामाने निवाडा मोडला त्याची गोष्ट

माझा मामा तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. खंडाने घेतलेली पाणथळ जमीन त्याने वर्षानुवर्षं चर खणून कोरडी केली. मामी म्हणायची, "वर जाताना फावडं तेवढं घेऊन जाल." जमीन पिकायला लागली आणि मालकाने दुप्पट खंड मागितला. जमीन आता चांगली आहे म्हणे! आयत्या बिळावर नागोबा, असं मी तेव्हाही म्हणाले, आजही म्हणते.

वाद लवादाकडे द्यायचं ठरलं तेव्हा गुरांच्या डॉक्टरांचं नाव मामानेच सुचवलं. निवृत्त, गुडघ्यांनी जेरीस आणलेला, पण कुणाच्या बापाला न भिणारा माणूस. मामाबरोबर रविवारी पत्ते कुटायचे, हे मालकालाही ठाऊक होतं. तरी तो लगेच हो म्हणाला. डॉक्टर लबाडी करणार नाहीत, याबद्दल दोघांनाही शंका नव्हती.

डॉक्टरांनी दुप्पट खंड कायम केला. जमीन आज जशी आहे तसा तिचा खंड. ती कुणी सुधारली याबद्दल करारात अक्षर नाही, असं त्यांचं म्हणणं. ते चुकले, पण मनापासून चुकले. एवढा खंड भरून शेती परवडणारी नव्हती, हंगाम संपला की जमीन सोडावी लागणार होती.

मी त्याला वकीलबाईंकडे घेऊन गेले.

"लवाद चुकला एवढ्यावर कोर्ट निवाडा रद्द करत नाही," त्या म्हणाल्या. "त्याने पक्षपात केला असं दिसायला हवं. जमिनीच्या पाहणीला डॉक्टर आले कसे?"

"मालकाच्या गाडीतून," मामा म्हणाला.

बाईंनी ते लगेच टिपून घेतलं. मामाने मला बाहेर पायऱ्यांवर सांगितलं ते वेगळंच. डॉक्टर रिक्षाने येणार होते. आदल्या दिवशी मामाच त्यांना म्हणाला होता, "गुडघे कशाला झिजवता? मालकाच्या गाडीतून या." डॉक्टर म्हणाले होते, "बरं दिसेल का ते?" त्यावर मामा हसला होता, "मी काही बोलणार आहे का?"

"मग हे बाईंना सांग," मी म्हणाले.

"सांगितलं तर अर्जात उरतं काय?" मामा म्हणाला. आणि खरंच काही उरत नव्हतं. मीही पुढे तोंड उघडलं नाही.

सुनावणीला डॉक्टरांना बोलावलं होतं. काठी टेकत आले, आमच्याकडे बघून मान हलवली. न्यायाधीशांनी विचारलं, मालकाच्या गाडीतून गेलात? हो. मामाला तसं कळवलं होतंत? डॉक्टरांनी मामाकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मामा समोरच्या टेबलाची कड नखाने खरवडत होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मला आणखी काही सांगायचं नाही."

निवाडा रद्द झाला. नव्या लवादाने मामाचे चर हिशेबात धरून खंड बेताचा ठेवला. जमीन राहिली. डॉक्टर मात्र गाडीच्या चार चाकांवर विकले गेले, असं लोक चहा पिता पिता म्हणायला लागले. जन्मभर त्यांच्याकडून फुकट गुरं तपासून घेतलेले लोक! मला त्यांच्या थोबाडीत मारावंसं वाटे, पण कुठल्या तोंडाने मारणार?

रविवारी डॉक्टर येईनात. महिनाभराने मामा म्हणाला, चल, माफी मागून येऊ. डॉक्टर स्वतःच दार उघडायला आले. आत या म्हणाले नाहीत.

मामाला भलतंच सुचलं. "तुम्ही कोर्टात बोलला का नाहीत?" त्याने विचारलं. "एक वाक्य बोलला असतात तर तुमच्यावर काही आलं नसतं."

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो," डॉक्टर म्हणाले.