घरच्या चार वेली

मी मुळात भित्री. अनोळखी नंबरवरून फोन आला तरी आधी नवरा घरात आहे का ते बघते. अशा बाईने एका वेबसाईटला लेख पाठवायची उठाठेव का करावी, हे माझं मलाच कळत नाही. शेती आणि खाण्यापिण्यावरची ती वेबसाईट बाहेरच्यांचे लेख घ्यायची. निफाडकडच्या आमच्या माहेरच्या द्राक्षबागेवर मी लिहिलं आणि डोळे मिटून पाठवून दिलं.

काही दिवसांनी संपादिकेचा मेल आला. वयाने माझ्याहून लहान असावी, पण ‘ताई, ताई’ करत इतकं गोड लिहायची की नाही म्हणायची सोयच नव्हती. कोवळी उन्हं, मोत्यांचे घड, असलं सगळं तिने काढून टाकलं. आधी राग आला. मग वाचून पाहिलं तर बाग खरंच दिसायला लागली होती. तेव्हापासून मी मुकाट्याने तिचं ऐकायला लागले. तिने काही विचारलं की वाद न घालता त्याच दिवशी उत्तर द्यायचं.

मग एका वाक्याशेजारी तिने लिहिलं, ‘ताई, फक्त घरच्या वेलींनाच फवारणी का नाही?’

वाक्य साधं होतं. आमच्या अंगणाला लागून चार वेली आहेत, त्यांच्यावर दादा औषध मारत नाही, घरातली मुलं तीच द्राक्षं खातात. मण्यांवर डाग असतात, घड विरळ असतो, पण चव अशी की विचारू नका. मला नाशिकला दरवर्षी पेटी येते तीही त्यातलीच. हे सगळं मी कौतुकाने लिहिलं होतं. त्यात विचारण्यासारखं काही आहे हे इतक्या वर्षांत मला सुचलंच नव्हतं. प्रश्न वाचला तेव्हा कळलं. बाकीची बाग कोण खातं, हे मी न लिहिता लिहून बसले होते.

दादाची तोडणी तोंडावर आली होती. व्यापारी बाग बघून गेला होता, पण सौदा पक्का झालेला नव्हता. त्याने हा लेख वाचला तर? गावात कोणी वाचून त्याला दाखवला तर? सख्ख्या भावाचं अख्खं वर्ष माझ्या एका ओळीत अडकलं होतं. मी संपादिकेला लिहिलं, तेवढं वाक्य काढून टाका, पाया पडते.

तिचा फोनच आला. आवाजात जराही चीड नव्हती.

“काढते की, ताई. लेख तुमचा आहे. पण ते काढल्यावर काय उरतं, ते एकदा वाचून बघा. आणि ठेवायचं असेल तर आधी दादांना वाचून दाखवा. ते हो म्हणाले तरच लावू. गावाचं नाव, तुमचं नाव, काहीच टाकणार नाही.”

वाचून दाखवा म्हणे. लहानपणापासून दादासमोर माझी बोबडी वळते. तरी रविवारी एसटीने गेले. दादा बाहेर गेलेला असावा, अशी वाटभर आशा करत होते. तो ओट्यावरच बसला होता. शेजारी त्याची मुलगी डागाळलेला घड मांडीवर घेऊन खात होती. मी मोबाईलवरून वाचायला लागले तशी पोरगीही खायची थांबली.

दादाने शेवटपर्यंत ऐकलं. “आपण नियमानंच मारतो औषध,” तो म्हणाला. मग पोरीच्या हातातल्या घडाकडे बघत बसला. “पण लिहिलंस ते हाय तसंच हाय. टाक.”

मला हायसं वाटायला हवं होतं. पण जेवताना तो अंगणातल्या वेलींकडेच बघत राहिला, आणि मी तशीच नाशिकला परतले.

दुसऱ्या दिवशी संपादिकेचा मेल आला. ‘उद्या सकाळी लावते. सगळं अजून बरोबर आहे ना, ताई?’ मी ‘हो’ लिहायला घेतलं आणि वहिनीचा फोन आला.

“ताई, ह्यांनी सकाळी त्या चारी वेली बुडातून तोडल्या,” वहिनी हळू आवाजात म्हणाली. “मोठ्या बागेतला घड आणून पोरीच्या हातात दिलाय. म्हणले, आता सगळ्यांना एकच. पोरगी खूश आहे, एक डाग नाही म्हणून. मी म्हटलं, तोंडात घालू नको, आधी आत्याला विचारते. देऊ का?”

“वहिनी, देऊ नका,” मी म्हटलं. “काढून घ्या तिच्या हातातून. आत्ताच्या आत्ता.”

“का, ताई? बाकीच्यांची पोरं खातातच की.”